मोबाइलवरची स्मृतिचाचणी: गुणांचं काय करायचं?

चतुर्थीला चाकरमानी गावी आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "बाबा तीच गजाल परत परत सांगतात. मोबाइलवर चाचणी घेतली, तीसपैकी एकवीस आले. डिमेन्शिया झाला का?" तेवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. पण ते एकवीस गुण बाजूला टाकूही नका.

विसरणं वाढलंय, ते चाचणीतही दिसतं, पण रोजचे व्यवहार माणूस स्वतः सांभाळतो, या मधल्या अवस्थेला माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट म्हणतात. यातल्या काहींना पुढे डिमेन्शिया होतो, काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही पूर्ववत होतात. कोण कुठे जाणार, हे एका दिवसाच्या गुणांवरून कळत नाही.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाची 'सेज' ही स्वतः सोडवायची चाचणी आहे, २२ गुणांची, कागदावर साधारण पंधरा मिनिटांची. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ती ठरावीक काळाने पुन्हा देणाऱ्यांमध्ये डिमेन्शियाकडे होणारी घसरण डॉक्टरांच्या नेहमीच्या चाचणीपेक्षा किमान सहा महिने आधी दिसली. तिथे माणसाची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या गुणांशी झाली होती. तुम्हीही तीच करा, शेजाऱ्याशी नको.

आपल्या किनाऱ्यावर शिक्षणाची अडचण मोठी आहे. २००५ची 'मोका' चाचणी ३० गुणांची. २६ किंवा अधिक म्हणजे ठीक, आणि शिक्षण बारा वर्षं किंवा कमी असेल तर एक गुण वाढवून मिळतो. चौथीतून थेट होडीवर गेलेल्या देवबागच्या आजोबांना तो एक गुण कुठे पुरणार? चित्रातला गेंडा त्यांना ओळखता येणार नाही, मात्र मिनिटभरात वीस मासळ्यांची नावं ते सहज सांगतील. आपल्या आयसीएमआरने भारतीयांसाठी चाचण्यांचा संच केला, पण २०२०मध्ये मांडलेल्या त्या संचाच्या पाच भाषांत मराठी नव्हती. ही उणीव मला मनापासून सलते.

तरी चाचणी घ्यायचीच तर सकाळी घ्या, ताप-दुखणं नसताना, चष्मा आणि श्रवणयंत्र लावून. मागून कोणी उत्तरं पुटपुटू नयेत. आठवड्याला घेऊ नका, सरावाने गुण वाढतात. सहा महिन्यांनी पुन्हा घ्या आणि दोन्ही निकाल तारखेसह जपून ठेवा. ज्यांनी स्मार्टफोन कधी हाताळला नाही, त्यांना मोबाइलवर बसवूच नका, त्यात फोन वापरता येतो की नाही तेवढंच कळतं. निकालाखाली 'स्मृतिवर्धक' गोळ्या विकणाऱ्या साइटला तुमचं नाव, नंबर देऊ नका.

गुणांपेक्षा मला घरच्यांनी वहीत केलेल्या नोंदी जास्त उपयोगी पडतात. तिथीवरून भरतीची वेळ सांगणारे बाबा अडखळू लागले का? दर उन्हाळ्यात मालवणी मसाला करणारी आई यंदा प्रमाण विचारू लागली का? नारळ पाडणाऱ्याला मजुरी दोनदा दिली गेली का? हे कधीपासून, तेही लिहा.

दवाखान्यात येताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. झोपेच्या, जुन्या पद्धतीच्या सर्दी-ॲलर्जीच्या, लघवी आवरण्याच्या काही गोळ्यांनी विसरणं वाढतं. रक्तात बी-१२ आणि थायरॉइड तपासायला हवं. "आम्ही रोज मासे खातो, आमचं बी-१२ कसं कमी होईल?" असं बरेच जण म्हणतात. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोज पॅन्टोप्राझोल घेणाऱ्यांचं मासे खाऊनही कमी होतं. नैराश्य, झोपेत घोरताना श्वास अडकणं, कमी ऐकू येणं हेही पाहावं लागतं. बहिरेपण तर डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत मोडतं, म्हणून "वयच झालं" म्हणून कान सोडून देऊ नका. पहिली तपासणी तुमचे नेहमीचे डॉक्टर करतील. पुढे गरज पडली तर ओरोसचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. सांभाळणारा माणूस थकला, खचला तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

काल बरा असलेला माणूस आज अचानक असंबद्ध बोलू लागला, तोंड वाकडं झालं, हातातली शक्ती गेली किंवा जास्त झोपाळू झाला, तर चाचणीत वेळ घालवू नका. पक्षाघात, जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम किंवा साखर उतरणं, यांपैकी काहीही असू शकतं. लगेच १०८ला फोन करा.