तोंडाचा कर्करोग : रक्तातला की पुडीतला?

गेल्या महिन्यात भोकरदन तालुक्यातील एक शेतकरी मुलाला बरोबर घेऊन माझ्या दवाखान्यात आले. वय पन्नाशीच्या आतबाहेर. तोंडावर उपरणे धरलेले. तपासले तर उजव्या गालाच्या आतल्या बाजूला जखम, तिच्या कडा टणक आणि वर आलेल्या. जबड्याखाली बोराएवढी घट्ट गाठ.

"मामा, किती दिवस झाले?" मी विचारले.

"पोळ्याच्या आधीपासून आहे. तेल लावतोय."

तेल कोणते, तर करंजाचे आणि निंबोळीचे. गावातल्या कुणा जाणत्याने सांगितले होते. चार महिने सकाळ-संध्याकाळ बोटाने तेल लावणे चालू होते. दवाखान्यात का आला नाहीत, असे विचारल्यावर म्हणाले, "आमच्या वडिलांनाही हेच झालं होतं, डॉक्टरसाहेब. रक्तातच आहे आमच्या. होणारं काय चुकतंय?"

मुलगा एकोणीस वर्षांचा. खिशातून पुडीचे टोक दिसत होते. वडील बाहेर बाकावर जाऊन बसल्यावर त्याने हळूच विचारले, "आजोबांना झाला, वडिलांना झाला. आता माझा नंबर का?"

वाचकहो, असे प्रश्न मला नेहमी विचारले जातात. कर्करोग रक्तातून येतो का? आणि झाडाच्या बियांच्या तेलाने तो बरा होतो का? आज या दोन्ही प्रश्नांची उत्तरे सोप्या भाषेत पाहू.

वाण आणि उभे पीक

आपले जालना हे बियाण्यांचे गाव. कै. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको कंपनी सुरू केली आणि पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यामुळे वाण म्हणजे काय, हे आपल्या शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. बियाण्यातच दोष असेल तर शेतातल्या प्रत्येक झाडात तो दिसतो. पण बियाणे चांगले असूनही उभ्या पिकावर रोग पडू शकतो. तो पडलेल्या झाडावर असतो, पोत्यातल्या बियाण्यात नसतो.

माणसाचेही असेच आहे. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत सुमारे वीस हजार जनुके असतात. पेशीने कसे वागावे, कधी वाढावे, कधी थांबावे, याच्या सूचना त्यांत लिहिलेल्या असतात. आईवडिलांकडून येतानाच एखाद्या जनुकात दोष असेल, तर तो अंगातल्या सर्व पेशींत असतो. तो बियाण्याचा दोष. पण जन्मानंतर एखाद्या जागच्या पेशींतील जनुके धुराने, रसायनाने किंवा उन्हाने बिघडली, तर तो बिघाड त्या जागेपुरताच राहतो. तो उभ्या पिकाचा रोग. कर्करोग हा जनुकांचा आजार आहे हे खरे, पण जनुकांचा आजार म्हणजे वारशाने आलेला आजार नव्हे. सगळा घोटाळा येथेच होतो.

पेशीतला जागल्या

पूर्वी गावात रात्री पहारा देणारा जागल्या असे. आपल्या पेशीतही असा एक जागल्या आहे. त्या जनुकाचे नाव पी-५३. पेशीतील सूचनांची लिपी बिघडली की तो पेशीला वाढू देत नाही. आधी दुरुस्ती कर, मग वाढ, असे बजावतो. दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावतो. असे रोज आपल्या अंगात घडत असते.

तंबाखूत नायट्रोसामीन नावाची विषारी द्रव्ये असतात. चुन्यामुळे तोंडाचे अस्तर भाजते आणि तंबाखूतील द्रव्ये आत शिरायला वाट होते. गालात धरलेली चिमूट वर्षानुवर्षे त्याच जागी बसते. कधीतरी त्या जागच्या एखाद्या पेशीतील जागल्याचे जनुकच बिघडते. मग अडवणारा कोणी उरत नाही. बिघडलेली पेशी वाढत राहते, तिच्यात आणखी जनुके बिघडतात, आणि पंधरा-वीस वर्षांनी त्याची जखम होते.

रक्त तपासले, तेव्हा काय दिसले?

ही नुसती कल्पना नाही. हिरडी आणि गाल यांच्या सांध्यात, म्हणजे आपण तंबाखू धरतो त्याच जागी होणाऱ्या कर्करोगाचा अभ्यास भारतीय शास्त्रज्ञांनी केला. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था आणि नवी मुंबईत खारघरला असलेले टाटा स्मारक केंद्राचे संशोधन केंद्र यांचा त्यात पुढाकार होता. २०१३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी ५० रुग्णांचा आणि नंतर आणखी ६० रुग्णांचा त्यात समावेश होता.

या अभ्यासात रुग्णाच्या गाठीतील जनुके आणि त्याच रुग्णाच्या रक्तातील जनुके शेजारी शेजारी ठेवून वाचली गेली. गाठीत पी-५३ सह अनेक जनुके बिघडलेली सापडली. हे बिघाड त्याच माणसाच्या रक्तात नव्हते. म्हणजे जन्मतः मिळालेली प्रत चांगली होती, ती गालात बिघडली. "रक्तातच आहे" म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

सवयीचा हा धागा आपल्याकडे फार पूर्वीच पकडला गेला होता. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. कर्करोग आणि लोकांच्या सवयी यांचा संबंध ते सातत्याने मांडत राहिले. पुढे १९७२ साली महाराष्ट्रातील १,०१,७६१ खेडूतांच्या तोंडांच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. कर्करोगाच्या आधी येणारे पांढरे चट्टे प्रामुख्याने तंबाखू वापरणाऱ्यांच्या तोंडात सापडले.

मग घराण्याचा काहीच संबंध नाही?

आहे, पण थोडा. फॅन्कोनी अॅनिमिया नावाच्या दुर्मिळ आनुवंशिक आजारात जनुकांची दुरुस्ती नीट होत नाही. अशा मुलांना तंबाखूशिवायही तरुण वयात तोंडाचा कर्करोग होऊ शकतो. याशिवाय आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला डोके-मानेचा कर्करोग झाला असेल, तर इतरांपेक्षा धोका काहीसा जास्त असतो. पण असे घराणे आणि त्यात तंबाखू-दारू, असे दोन्ही एकत्र आले, की धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून ज्याच्या घरात हा आजार होऊन गेला, त्याने नशिबावर हवाला ठेवून पुडी फोडणे म्हणजे आगीजवळ रॉकेल नेणे होय.

आणखी एक गोष्ट. बापाकडून मुलाकडे जनुके जातात तशी सवयही जाते. आजोबांची चंची, वडिलांची डबी, मुलाची पुडी. आजी मिश्री लावते म्हणून नातही लावते. तीन पिढ्यांत एकच आजार दिसला की आपण रक्ताला दोष देतो, डबीकडे पाहत नाही. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी चौघांत एकापेक्षा जास्त जण कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरताना आढळले. देशात २०२२ साली ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले, असा जागतिक अंदाज आहे. एवढ्या सगळ्यांच्या घराण्यात एकाच वेळी दोष कसा निघेल?

बियांच्या तेलाचे काय?

आता तेलाकडे वळू. झाडाच्या बियांचे तेल म्हणजे थोतांड, असे मी म्हणणार नाही. चालमोगरा किंवा तुवरक या झाडाच्या बियांचे तेल आपल्याकडे कुष्ठरोगावर पिढ्यान् पिढ्या वापरले जात होते. १९१५ च्या सुमारास हवाई बेटांवर अॅलिस बॉल या तरुण संशोधिकेने त्या तेलापासून सुईने देता येईल असे औषध तयार केले. पुढे बरीच वर्षे ते वापरात होते. १९४० च्या दशकात त्याहून गुणकारी सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले. म्हणजे तेल तपासले गेले, जेवढे उपयोगी तेवढे वापरले गेले आणि अधिक चांगले मिळताच सोडले गेले. औषधाची रीत अशी असते.

कडुनिंबाचीही तपासणी चालू आहे. त्याच्या पानाफुलांतील निंबोलाइड या द्रव्याने प्रयोगशाळेतील कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखल्याचे आणि प्राण्यांवरील प्रयोगांत काही परिणाम दिसल्याचे प्रसिद्ध झाले आहे. पण काचेच्या बशीतील पेशी मारणे वेगळे आणि माणसाच्या गालातील गाठ बरी करणे वेगळे. निंबोळीच्या किंवा करंजाच्या तेलाने माणसाचा तोंडाचा कर्करोग बरा होतो, हे सिद्ध झालेले नाही.

मग तेल लावल्यावर बरे का वाटते? कडू तेलांनी जंतू काही प्रमाणात मरतात. जखमेवरचा पू आणि घाण वास कमी होतो. रुग्णाला वाटते, जखम भरत आली. वरचा थर स्वच्छ दिसतो, पण खाली मूळ पसरतच असते. तेलाचे खरे नुकसान हेच की ते वेळ खाते. शिवाय निंबोळीचे तेल पोटात देणे, विशेषतः लहान मुलांना, धोक्याचे आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मलेशियात असे तेल पाजलेल्या बालकांना उलट्या, झटके आणि गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

"झाडाचे आहे, अपाय काय करणार?" असेही लोक म्हणतात. त्यांना मी एवढेच विचारतो, सुपारी कशाची आहे? तीही झाडाचेच बी! तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग निर्माण करते, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली बोलावलेल्या तज्ज्ञांनी दिला. सुपारीने गालाचे अस्तर चामड्यासारखे ताठर होते आणि तोंड उघडेनासे होते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण मावा आणि सुपारीच्या पुड्या विशीच्या आतली पोरेही चघळताना आपण रोज पाहतो.

आरशासमोर दोन मिनिटे

तंबाखू, मावा, मिश्री, विडी, दारू यांपैकी काहीही सवय असलेल्याने महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर तोंड पाहावे. पुढीलपैकी काही आढळल्यास डॉक्टरांना दाखवावे :

१) दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, मग ती दुखत असो वा नसो. सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही.
२) पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा. लाल चट्टा जास्त धोक्याचा.
३) आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील.
४) तीन आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज, गिळताना त्रास, मानेत गाठ, कारण नसताना हलणारा दात.

अशा साध्या तपासणीने जीव वाचतो. केरळात तिरुवनंतपुरम येथे आरोग्यसेवकांनी नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले.

संशय आल्यास जखमेचा छोटा तुकडा काढून तपासतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे. आपल्याला मुंबईलाच जावे लागते असेही नाही. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, सेक आणि औषधोपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड जवळ ठेवावे. तंबाखू सोडण्यासाठी सल्ला हवा असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

त्या मुलाला काय सांगितले

त्या शेतकऱ्यांना मी चिठ्ठी देऊन संभाजीनगरला पाठवले. तुकड्याच्या तपासणीत कर्करोगच निघाला. शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यानंतर सेकही द्यावा लागेल. पोळ्याला जखम गालापुरती होती, तेव्हा बहुधा एका शस्त्रक्रियेत भागले असते. आता मानेत गाठ आली आहे. मानेत गाठ आली की वाचण्याची शक्यता जवळजवळ निम्म्यावर येते. चार महिन्यांच्या तेलाची ही किंमत.

मुलाला मी सांगितले, "बाळा, तुझा नंबर कोणी लावलेला नाही. घरात दोघांना झाला म्हणून तू इतरांपेक्षा जास्त जपायला हवेस. पण आजोबांकडून तुला आलेले वाण बहुधा चांगलेच आहे. खिशातली पुडी मात्र तू स्वतः विकत घेतलेली आहेस." तंबाखू आणि सुपारी सोडली की तोंडाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, हे जागतिक तज्ज्ञांनी २०२३ साली पुराव्यानिशी मान्य केले आहे. एकोणिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला तर सर्वांत जास्त लाभ.

त्याने पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. दुसरी घेतली की नाही, हे पुढच्या वेळी तोंड पाहिल्यावर कळेल. दर तीन महिन्यांनी ये, असे मी त्याला बजावले आहे. आपल्या घरातही असा कोणी असेल, तर आज रात्री जेवणानंतर त्याला उजेडात बसवा आणि तोंड उघडायला सांगा.