घोट्यावर प्रोब ठेवताना

१. आधी बोट, मग सोनोग्राफीचा प्रोब. पाय मुरगळून आलेल्या माणसाला मी म्हणते, "एकाच बोटानं दाखवा, नेमकं कुठं दुखतंय." बहुतेकांचं बोट बाहेरच्या घोट्याच्या थोडं पुढं, खालच्या अंगाला टेकतं. तिथंच पुढचं टॅलोफिब्युलर लिगामेंट असतं. जाडी जेमतेम २ मिलिमीटर, आणि पाऊल आत वळलं की बहुधा सगळ्यांत आधी तेच जातं. बोट त्याहून वर, दोन हाडांच्या मधोमध गेलं तर मला काळजी वाटते. तिथली दुखापत बरी व्हायला फार दिवस घेते.

२. काळं दिसलं म्हणजे तुटलं असं नाही. हे मी एका मुलीच्या पायावर शिकले आणि त्याची रुखरुख आजही आहे. कबड्डी खेळायची ती. नखांत मैदानातली माती तशीच होती. लिगामेंटच्या जागी मला काळा खंड दिसला आणि मी 'तुटलंय' असा रिपोर्ट दिला. मुलीचा पाय प्लास्टरमध्ये गेला, निवड चाचणी हुकली. पुढं तोच घोटा माझ्या वरिष्ठांनी तपासला. त्यांनी प्रोबचं एक टोक किंचित दाबलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या काळ्या जागेत पांढऱ्या बारीक रेघा भरत गेल्या. ध्वनिलहरी तंतूंवर काटकोनात पडल्या नाहीत तर धडधाकट लिगामेंटही काळं दिसतं. तेव्हापासून प्रोब हलवून पाहिल्याशिवाय 'तुटलंय' हा शब्द मी लिहीत नाही.

३. लिगामेंट ताणलेलं असताना पाहावं. सैल पडलं की ते नागमोडी दिसतं आणि फसवतं. पुढच्या लिगामेंटसाठी पाऊल खाली आणि जरासं आत. टाचेकडे जाणाऱ्या लिगामेंटसाठी उलट: पाऊल नडगीकडे ओढायचं. हे लिगामेंट पेरोनियल कंडरांच्या खालून जातं. ते शाबूत असेल तर ताणलं जाताना दोन्ही कंडरांना झोळीसारखं अलगद वर उचलतं. कंडरा उचलल्या गेल्या नाहीत, तर ते तुटल्याची दाट शंका घ्यावी.

४. दुसरा पायही बघा. दोन मिनिटं लागतात.

५. टाच धरून पाऊल हळूच पुढं ओढलं की तुटलेल्या ठिकाणची फट पडद्यावर उघडताना दिसते. एमआरआयच्या स्थिर चित्रात ही हालचाल सापडत नाही. ताज्या सुजेत मात्र रुग्णाच्या चेहऱ्याकडे बघत ओढावं. तो कळवळला की थांबावं.

६. सोनोग्राफीवर सगळं सोपवू नये. घोट्याच्या हाडाची मागची कड किंवा टोक दाबून दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे. ओटावात १९९२ साली मांडलेला हा नियम मला आजही उपयोगी पडतो. सांध्याच्या आतली कूर्चा मला प्रोबनं नीट दिसत नाही. महिने उलटले तरी आत खोल दुखत असेल, तर मी एमआरआयच सुचवते.

७. तालमीचे सर दर हंगामात विचारतात, "मॅडम, मशीन मैदानावर आणता येईल का?" नाही येत. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या १९९४ च्या कायद्यानं प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंद लागते, मग ते घोट्यासाठी का वापरेना. माझ्या केंद्राबाहेर ते नेता येत नाही आणि हा कायदा मला मनापासून पटतो. सरांना मी सांगते, मालिश करू नका, पायावर उभं करू नका. कापडात बर्फ गुंडाळून रिक्षात बसवा, पाय सीटवर उंच ठेवा आणि घेऊन या. मी थांबते.