पैसे दुप्पट झाले, पण किती वर्षांत?

पिंपरी, भोसरी, चाकण. या भागात पूर्वी शेते होती. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी औषध-कारखाना निघाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे कारखान्यांसाठी गावोगावच्या जमिनी गेल्या. लोकांच्या हाती मोबदला आला.

जमीन एकदाच जाते. तिचा पैसाही एकदाच येतो. म्हणून त्याचा हिशेब आपला आपल्याला आला पाहिजे.

म्युच्युअल फंडात पुष्कळ लोकांचे पैसे एकत्र होतात. फंड त्यातून शेअर किंवा रोखे घेतो. आपल्या वाट्याला युनिट येतात. युनिटचा भाव चढतो, तसा उतरतोही.

समजा, एका शेतकऱ्याने १ लाख रुपये फंडात घातले. तेव्हा युनिटचा भाव २० रुपये होता. त्याला ५,००० युनिट मिळाले. पुढे भाव ४० रुपये झाला. १ लाखाचे २ लाख झाले.

एजंट म्हणाला, "काका, पैसे दुप्पट झाले की!"

काकांनी विचारले, "होय बाबा, पण किती वर्षांत?"

हाच खरा प्रश्न आहे. त्यासाठी एक सोपी रीत आहे. पैसे दुप्पट व्हायला जितकी वर्षे लागली, तितक्यांनी ७२ ला भागा. येईल तो वर्षाचा दर, शेकडा. हा दर अंदाजे असतो.

६ वर्षे लागली, तर ७२ ÷ ६ = १२. दर शेकडा १२.
१२ वर्षे लागली, तर ७२ ÷ १२ = ६. दर शेकडा ६.

कोणी म्हणेल, "१२ वर्षांत शंभराला शंभर मिळाले. म्हणजे वर्षाला आठ रुपये पडले." हा हिशेब चूक आहे. वाढलेल्या पैशावरही वाढ होत जाते. म्हणून खरा दर सहाच.

आता दोन गोष्टी पडताळून पाहा.

पहिली गोष्ट, बँकेची ठेव. ठेवीवर शेकडा ६ मिळत असते, तर तिथेही पैसे १२ वर्षांत दुप्पट झाले असते. मग भाव उतरण्याचा धोका कशाला घेतला?

दुसरी गोष्ट, महागाई. महागाई वर्षाला शेकडा ६ असेल, तर १२ वर्षांत १ लाखाच्या मालाला २ लाख पडतात. पैसे दुप्पट झाले, पण धान्य तेवढेच आले. नफा कुठे झाला?

आणखी एक ध्यानात ठेवा. मागे मिळाले ते पुढे मिळेलच असे नाही. युनिट ट्रस्टची योजना १९६४ साली सुरू झाली. लाखो लोकांनी विश्वासाने पैसे ठेवले. जुलै २००१ मध्ये ट्रस्टने त्या युनिटांची खरेदी-विक्री थांबवली. लोकांचे पैसे अडकून पडले. नाव मोठे होते, तरी असे घडले.

तेव्हा सही करण्याआधी विचारा : किती वाढले? किती वर्षांत? महागाई वजा जाता काय उरले?

करून पाहा : ५०,००० रुपयांचे ९ वर्षांत १ लाख झाले. वर्षाचा दर किती?