नातवंडं, कॅरव्हॅन आणि लाटा

प्रश्न : मेलबर्नला मुलाकडे आलो आहोत. नातवंडांसह कॅरव्हॅनने ग्रेट ओशन रोडला जायचंय. काय सांभाळावं?

उत्तर : टॉर्कीहून पश्चिमेकडे निघा, म्हणजे समुद्र तुमच्याच बाजूला राहील. अँगलसी ते अपोलो बे रस्ता वळणांचा. मागे गाड्या साचल्या की बाजूला थांबून वाट द्या. रस्त्याकडेला मुक्काम करता येत नाही. कॅरव्हॅन पार्कमधली जागा आधीच ठरवा, नाताळच्या सुट्टीत तर फारच आधी.

बेल्स बीचच्या लाटा मुरलेल्या सर्फरांच्या. त्या कड्यावरून पाहाव्यात, आणि जरूर पाहाव्यात! नातवंडांना टॉर्की किंवा अँगलसीला सर्फिंगच्या शिकवणीला घाला. पोहणं मात्र लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. लाटा फुटत नाहीत अशी शांत पट्टी दिसली, तर तिथे बहुधा आत ओढणारा प्रवाह असतो. हे मुलांना पाण्यात उतरण्याआधी दाखवा.