पगचं ताट मोजकंच हवं

प्रश्न : चार वर्षांचा पग चपाती, बिस्किटं, खारी सुकी मासळी आवडीनं खातो. वजन ११ किलो झालंय. आहार कसा असावा? – एक वाचक, बोईसर

उत्तर : प्रौढ पगचं वजन साधारण ६ ते ८ किलो असावं. चपट्या नाकामुळे या जातीला श्वास घेणं मुळातच जड जातं. त्यात चरबी वाढली, की पालघर-तारापूरच्या दमट उकाड्यात धाप लागते.

बिस्किटं आजच थांबवा. खारवलेली मासळीही नको; ताजा मासा काटे काढून, मीठमसाल्याविना उकडून थोडा द्यावा. कांदा, लसूण, द्राक्षं, चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतात. घोलवडचा गोड चिकूही टाळलेला बरा.

रोजचं खाणं मोजून दोन वेळा द्या. छातीवरून हलका हात फिरवला, तर फासळ्या बोटांना लागायला हव्यात. वजन एकदम नव्हे, हळूहळू उतरवा. त्याआधी पशुवैद्यांकडून तपासणी करून घ्या.