शस्त्रक्रियेनंतर सीआरपी का चढतो?

प्रश्न : धाकट्या भावाचे अपेंडिक्स जालन्यास दुर्बिणीतून काढले. आधी सीआरपी ४८ होता, तिसऱ्या दिवशी तो ९६ निघाला. आजार पोटात राहिला काय?
— एक वाचक, जांब समर्थ (ता. घनसावंगी)

उत्तर : आपली धास्ती स्वाभाविक असली, तरी या एका आकड्याच्या साक्षीवरून आजार शिल्लक राहिल्याचा निवाडा करता येत नाही; कारण जंतूंचा उपद्रव असो वा शल्यवैद्याचा छेद असो, दुखावलेल्या ऊतकांतून इंटरल्यूकिन-६ हे द्रव्य रक्तात उतरते, त्याच्या हुकमाने यकृत सीआरपी (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) हे दाह दर्शविणारे प्रथिन घडवू लागते, आणि ही वाढ बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास पोहोचते. उत्पत्ती थांबली, की सुमारे १९ तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्मे होते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत हा क्षोभ पोट उघडण्याच्या मानाने कमी असतो, पण अजिबात नसतो असे नाही. शिवाय शस्त्रक्रियेच्या ताणाने कॉर्टिसोल वाढून श्वेतपेशीही चढतात, म्हणून सुरुवातीच्या दिवसांतील त्या आकड्यासही फारसे वजन देऊ नये.

पाहावयाचे ते पुढेच. चौथ्या-पाचव्या दिवशी सीआरपी उतरण्याऐवजी चढला, अथवा ताप, पोटफुगी, वाढती वेदना वा जखमेतून पू असे काही दिसले, तर आकडा कितीही असो, विनाविलंब शल्यवैद्यांकडे जावे. गळू झाले असल्यास सोनोग्राफीत वा सीटी स्कॅनमध्ये ते बहुधा सापडते.