एका दिशी एकच वाढव

दुखणं उतरलं की माणूस दोन गोष्टींना एकदमच हात घालतो, फिरायला जाणं आणि लोकांत मिसळणं. तापातून उठलेला गडी सकाळी आपल्या वाशीमच्या बालाजीच्या देवळात जाऊन येतो, दुपारी भेटायला आलेल्यांशी तासभर बोलतो, संध्याकाळी पाटणी चौकात चहाला थांबतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंथरूण धरतो. घरचे म्हणतात, चालणं जास्त झालं. माझी आत्या म्हणायची, "चालनं नाई झालं जास्त, दोन्ही मिळून झालं. एका दिशी एकच वाढव बाई. पाय, नाई तं माणसं."

अंगातली शक्ती एकच असते. चालल्याने जशी खर्च होते तशीच बोलण्याने, ऐकण्याने, हसून उत्तरं देण्यानेही होते. म्हणून ज्या दिवशी ५ मिनिटं जास्त चालायचं ठरवलं, त्या दिवशी पाहुणे नकोत. ज्या दिवशी बहीण-मेहुणे यायचे आहेत, त्या दिवशी अंगणातल्या फेऱ्या पुरेत. आत्याने हे मला सांगितलं, मी सुनेला सांगितलं. आता तुम्हीही ऐका. मात्र हृदयाचं ऑपरेशन, लकवा, हाड मोडणं अशा दुखण्यांत डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा पहिली. आमचे कानमंत्र तिच्या आतले.

पहिली वाट घरातली

पडून राहिल्याने पाय किती लवकर वाळतात याचा अंदाज आपल्याला नसतो. धडधाकट म्हाताऱ्या माणसांना १० दिवस पलंगावर ठेवून डॉक्टरांनी मोजमाप केलं, तेव्हा पायांचं मांस जवळपास १ किलोने कमी झालेलं निघालं. तेही रोग नसताना! तुमच्या अंगातून तर मुदतीचा ताप (टायफॉइड) किंवा डेंगी जाऊन आलेला असतो. तेव्हा ‘पायात जीव नाही’ असं वाटलं तर तो मनाचा खेळ नव्हे, पाय खरंच कमी झालेले असतात.

उठायची घाई करू नका. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून दोनेक मिनिटं बसा. घोटे वर-खाली हलवा, मग उभे राहा आणि उभं राहून थोडं थांबा. डोळ्यांपुढे अंधारी येते ती याच वेळी. पहिले दोन-तीन दिवस खोलीतून ओसरी, ओसरीतून अंगण एवढंच करा. दिवसातून चार वेळा थोडं थोडं चाललेलं बरं, एकदाच लांब जाऊन धापा टाकत परत येण्यापेक्षा. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठता आलं की फाटकाबाहेर पडा.

घर हाताशी ठेवा

आजाऱ्याची फसगत जाताना होत नाही, येताना होते. पाय मोकळे होतात, कोणी ओळखीचं भेटतं, माणूस अकोला नाक्यापर्यंत निघून जातो आणि तिथे कळतं की परतायचा दम उरला नाही. म्हणून सरळ रस्ता धरू नका, घराभोवतीच फेऱ्या मारा. गल्लीला चार फेऱ्या मारणाऱ्याला लोक हसले तर हसू द्या. त्याचं घर प्रत्येक फेरीला समोर येतं.

बालाजीला जायची फारच ओढ असेल तर जाताना ऑटो करा, देवळात हळूहळू चाला, बसा, आणि येतानाही ऑटोच करा. भवानी काळूंनी बांधलेलं ते देऊळ अठराव्या शतकापासून तिथंच आहे, आणखी महिनाभर तुमची वाट पाहील.

पायात मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. सपातावर पाय घसरतो. काठी घ्यायला लाजू नका. पहाटे कुत्र्यांसाठीही ती कामी येते. उभं राहून हात खाली सोडला की मनगटाशी येईल एवढी काठीची उंची ठेवा. एक पाय दुखरा असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची. खिशात फोन, आणि चिठ्ठीवर नाव, घरचा नंबर, चालू गोळ्या. साखरेचा आजार असेल तर गुळाचा खडा किंवा साखरेची पुडी.

सोबतीला नातू घेतलात तर त्याला सांगा, वेग आजोबांचा. त्याने गाड्यांच्या बाजूने चालायचं आणि पुढे पळायचं नाही.

आजचं उद्या कळतं

चालताना सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. पण आज निभलं म्हणजे पचलं असं नाही. खरी परीक्षा दुसऱ्या सकाळी. उठल्यावर अंग कालच्याइतकंच हलकं असेल तर मात्रा बरोबर. अंग ठणकत असेल, डोकं जड असेल, झोप पुरी होऊनही थकवा असेल, तर कालचं जास्त झालं, आज निम्मं करा. दोन-तीन दिवस जमलं की मग ५ मिनिटं वाढवा.

कोरोनानंतर पुष्कळांनी हे भोगलं. थकवा त्याच दिवशी न येता एक-दोन दिवसांनी यायचा, आणि जोर लावून रेटलं की आणखी खाली बसवायचा. असं वारंवार होत असेल तर वाढवायचं नाव काढू नका, डॉक्टरांना दाखवा. न्यूमोनिया होऊन गेलेल्यांनी त्या काळात घरात आलेलं ऑक्सिमीटर टाकून देऊ नये. चालण्याआधी आणि ६ मिनिटं चालल्यावर आकडा बघा. ३-४ ने खाली गेला तर डॉक्टरांना कळवा.

चिकुनगुनियाची गोष्ट वेगळी. त्यात सांधे सकाळी सगळ्यात जास्त आखडतात आणि दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं. अशांनी पहाटेच्या फिरण्याचा हट्ट सोडावा. गरम पाण्याने अंघोळ करून, बोटं-घोटे सैल करून, उन्हं उतरल्यावर निघावं.

वावरात जाणं म्हणजे फिरणं नव्हे

हे वाशीम जिल्ह्यासाठी मुद्दाम सांगते. पावसाळ्यात डासांचे आणि पाण्याचे ताप येतात. माणूस उठतो तेव्हा सोयाबीनची सोंगणी तोंडावर आलेली असते. ‘थोडं पाहून येतो’ म्हणून गडी निघतो आणि विळा हातात घेतो. काळ्या मातीत पाय रुततो, चपलेला गोळे चिकटतात, धुऱ्यावर तोल सांभाळावा लागतो. सपाट सडकेच्या अर्ध्या तासापेक्षा वावरातली दहा मिनिटं जास्त दमवतात. वर ऑक्टोबरचं ऊन. पहिले आठ-दहा दिवस गाडीवर मागे बसून जा, झाडाखाली बसा, मजुरांचा हिशोब ठेवा, पाणी प्या, परत या. काम डोळ्यांनी करा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीपार जातो. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातच्या आत फिरून घरात. थंडीत उलट, धुकं हटून ऊन पडल्यावरच बाहेर. पावसात गल्ली निसरडी असेल तर घरातल्या फेऱ्याच बऱ्या.

भेटायला येणारे

शहाळं-सफरचंद घेऊन येणारे प्रेमानेच येतात. पण त्यातला एक तरी ‘असाच ताप आमच्या साडूला होता’ असं म्हणून सुरू करतो आणि साडूच्या तेरवीपर्यंत येऊन थांबतो. त्याला अडवायचं काम आजाऱ्याचं नाही, घरच्यांचं. पाहुण्याला खुर्ची द्या, पलंगावर बसू देऊ नका, म्हणजे बैठक लांबत नाही. एका वेळी दोघं, आणि पंधरा मिनिटांनी घरातल्या कोणी तरी ‘गोळीची वेळ झाली’ म्हणून यावं. यात खोटेपणा काही नाही, विश्रांतीही औषधच आहे.

तुम्ही स्वतः एक उत्तर ठरवून ठेवा. काय झालं होतं, कोणत्या डॉक्टरकडे, किती खर्च आला, हे प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं नसतं. "आता बरं आहे. तुमचं सांगा, पोरगी काय करते?" एवढं म्हटलं की समोरचाच बोलायला लागतो आणि तुम्हाला नुसतं ऐकायचं उरतं. ‘किती वाळलात!’ असं कोणी म्हटलं तर, ‘भरून येईन हळूहळू’. पुढे वाद नाही.

पहिलं बाहेर जाणं

पहिली भेट अशा घरी द्या जिथून मध्येच उठून आलात तरी कोणी रुसणार नाही. शेजारचा ओटा त्यासाठी उत्तम. बसायला जागा असते, घर दिसत असतं, आणि न बोलताही बसता येतं. उभ्याने गप्पा मारू नका. चौकात उभं राहून वीस मिनिटं बोलणं हे चालण्यापेक्षा जड जातं. कोणी थांबवलं तर ‘चला, बसून बोलू’ म्हणा. प्रत्येक घरी चहा येतो, म्हणून आधीच सांगा, ‘अर्धाच’.

आपल्या गावाची एक आख्यायिका सांगतात. वासुकी नावाच्या राजाला कुष्ठाने ग्रासलं होतं. पद्मतीर्थाच्या पाण्यात अंघोळ करून तो बरा झाला आणि मग त्याने इथे गाव वसवलं. खरं-खोटं देव जाणे, पण क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे: राजा असूनही त्याने आधी अंग सावरलं, माणसं नंतर जमवली.

लग्न, तेरवी आणि रोडगे

लग्नाला जायचंच असेल तर मुहूर्ताच्या गर्दीला जाऊ नका. आदल्या दिवशी हळदीच्या आधी किंवा दोन दिवसांनी घरी जाऊन आहेर द्या. डीजेपासून लांब बसा, तो आवाज दुखणेकऱ्याच्या छातीत बसतो. मयतीला पहिल्यांदाच बाहेर पडू नका. ऊन, उभं राहणं, रडणं, उपाशी पोट हे सगळं एकदम सोसत नाही. नंतर घरी जाऊन शांतपणे बसून या. त्या घरालाही तेव्हाच माणसांची जास्त गरज असते.

रोडग्याचं आमंत्रण आलं की वऱ्हाडी माणसाचं मन आवरत नाही. जा, पंगतीला बसा, पण ताटात वरण-भात घ्या. वांग्याच्या भाजीची तर्री आणि तुपात बुडवलेला रोडगा पुढच्या खेपेला. मुदतीच्या तापात आतडी सोलवटलेली असतात आणि ताप गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तो उलटूही शकतो. आणखी एक गोष्ट: मुदतीच्या तापाचे जंतू काहींच्या पोटात बरं झाल्यावरही राहतात. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत पंगतीचं रांधायला-वाढायला जाऊ नका, आणि हात साबणाने धुवा.

सर्दी-तापाचं साधं दुखणं असेल तर गोळी न घेता २४ तास ताप नाही, हे पाहूनच लोकांत जा. क्षयाचं औषध चालू असेल तर लाजून कोंडून घेऊ नका. औषध नियमित सुरू झालं की बहुतेकांचं दोनेक आठवड्यांत दुसऱ्याला लागण करणं थांबतं. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की ओट्यावर बसायला हरकत नाही. मात्र औषध पूर्ण करायचं, मधेच बरं वाटलं तरी. पोषणासाठी सरकारकडून महिन्याला १००० रुपये खात्यावर मिळतात, ते सोडू नका.

बाईचं बरं होणं

पुरुष फिरायला लागला की बरा झाला म्हणतात. बाई भाकरी थापायला लागली की बरी झाली म्हणतात. तिच्या वाट्याला फिरणं येतच नाही, थेट चूल येते. आत्याचं यावर ठाम मत होतं, "आंधी गल्ली, मंग चूल." उठलेल्या सुनेला सासूनेच म्हणावं, चप्पल घाल, मैत्रिणीकडे जाऊन ये. धुणं, पाणी भरणं, दळणाचा डबा उचलणं ही कामं चालण्यात धरू नयेत, ती ओझ्याची कामं आहेत. बाईला बाहेरची हवा लागते तशी बाहेरची माणसंही लागतात. हळदीकुंकवाला दोन घरी जाऊन आलेली बाई दोन टॉनिकांनी येत नाही तेवढी हुशारीत येते.

थांबायचं केव्हा

छातीत दुखणं, बसल्या जागी दम लागणं, चक्कर येऊन पडणं, एकाच पोटरीला सूज येऊन दुखणं, तोंड वाकडं होणं किंवा बोबडी वळणं, यातलं काही झालं तर ‘जरा पडतो’ म्हणू नका. १०८ ला फोन करा.

मनाचंही तसंच. दुखण्यानंतर बाहेर पडावंसं न वाटणं, गर्दीची भीती वाटणं हे काही दिवस होतंच. दोन आठवडे उलटूनही माणूस कोणाशी बोलत नसेल, जेवत-झोपत नसेल तर त्याला आळशी ठरवू नका, डॉक्टरांना सांगा. १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि तुम्ही बरे झाल्यावर

दुसऱ्याच्या उशाशी बसायची पाळी तुमची येईल. दहा मिनिटं बसा. स्वतःच्या दुखण्याची कथा लावू नका, त्याच्या रिपोर्टावर मत देऊ नका. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणून निघू नका, कारण कोणी सांगत नाही. त्याऐवजी दळण आणून द्या, औषधं आणून द्या, पोरांना शाळेत सोडा. आणि चार दिवसांनी संध्याकाळी त्याच्या दारात उभं राहून म्हणा, "चाल, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येऊ. मी हळूच चालते."